अर्ध्या चकाकीचा चेंडू

माले, तालुका मुळशी
२ एप्रिल १९५८

कुशाबा,

पत्र हातात पडताच घाबरू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत. तुझी बहीण रत्ना तर इतकी धडधाकट आहे की सकाळपासून तिचा आवाज ओढ्यापलीकडे ऐकू जातो. आई बरी आहे. बिघडलो आहे तो मीच.

तुला गेल्या उन्हाळ्याची मॅच आठवते ना? तुमचं ताम्हिणी आणि आमचं माले. तुझा थोरला भाऊ गेणबा बॅट घेऊन आला आणि माझे चेंडू त्यानं एकामागून एक धरणाच्या पाण्यात नेऊन टाकले. शेवटी चेंडू काढायला पोरांपेक्षा म्हशी जास्त उतरल्या होत्या. सासुरवाडीच्या माणसांदेखत माझी अशी शोभा झाली की मी वर्षभर रत्नाच्या माहेरी जेवायला गेलो नाही.

पण शोभेचं सोड. खरी गोष्ट मेंढरांची आहे. बाजी धनगराचा कळप वैशाखाअखेर कोकणातून घाट चढून वर येतो आणि पावसाआधी देशावर निघून जातो. मधे त्याला एकाच गावात मुक्काम करायला सवड असते. ज्या शेतात मेंढरं बसतात, त्या शेताला लेंडीखत मिळतं आणि पुढची दोन वर्षं पीक हसतं. धान्य दोन्ही गावं सारखंच देतात, म्हणून दर वर्षी भांडण. गेल्या वर्षी बाजीच म्हणाला, "भांडू नगा. तुमचा त्यो चेंडूचा ख्योळ हाय न्हवं? जिकल त्येच्या रानात मेंढरं बसवतो." त्याला स्वतःला मॅच बघायची लई हौस. यंदाही तेच ठरलं आहे.

आणि यंदा आमच्या गावातली पाळी माझ्या माळाची आहे. तुला तो माळ ठाऊक आहे. बाबांची भाताची खाचरं धरणात गेली, गाव उठलं, आम्ही इथं आलो आणि वाट्याला तो मुरमाड तुकडा आला. आईनं स्वतःच्या हातानं त्यातले दगड वेचले. तरी दोन वर्षं नाचणी वीतभर वाढली आणि थांबली. यंदा खत मिळालं नाही तर मला मुंबईला येऊन तुझ्या शेजारी इस्त्री धरावी लागेल. आई आणि रत्ना इथं दोघीच राहतील. ते मला नको आहे, कुशाबा. अगदी नको आहे.

तू क्लबच्या लोकांत वावरतोस. शाळेचे मास्तर म्हणतात, मुंबईचे बोलर चेंडू हवेतच वळवतात. ते कसं करतात ते मला लिहून पाठव. जरा लवकर.

तुझा दाजी
भिवाजी

---

धोबीतलाव, मुंबई
११ एप्रिल १९५८

दाजी,

पायावर डोकं ठेवून लिहायला बसलो आहे. तुम्ही मलाच विचारलंत हे फार चांगलं केलंत. या विषयात मला बरंच कळतं.

आधी ते कसं कळतं ते सांगतो. आमच्या लाँड्रीत क्लबचे पांढरे कपडे येतात. बॅट्समनच्या पाटलोणीला गुडघ्यावर माती असते. फील्डरच्या पाटलोणीला बुडावर गवत. आणि काही पाटलोणींना फक्त उजव्या मांडीवर लाल डाग, डाव्या मांडीवर नावाला नाही. वर्षभर मी ते डाग काढत होतो आणि विचार करत होतो की हा माणूस एकाच मांडीनं काय करतो? मग कपडे पोचवायला गेलो की कुंपणाशी थांबून बघू लागलो. तो माणूस चेंडूची एकच बाजू मांडीवर घासत होता! दुसरीला हात लावत नव्हता. दाजी, सगळी विद्या त्या डागात आहे.

आता नीट वाचा. चेंडूला मधोमध शिवण असते. पहिली दोन बोटं शिवणीच्या दोन अंगांना, अंगठा खाली शिवणीवर. चेंडू तळहातात कोंबायचा नाही, बोटांत धरायचा. शिवण उभी सुटली पाहिजे, ती डगमगली की संपलं. मनगट सरळ, चेंडूच्या मागे. शिवणीचं तोंड जरासं स्लिपकडे, म्हणजे बॅट्समनच्या बॅटीमागे जे लोक वाकून उभे असतात त्यांच्याकडे. चकाकी तुमच्या उजव्या अंगाला राहू द्या, खरखरीत बाजू डाव्या. चेंडू हवेत डावीकडे, त्या स्लिपकडे सरकेल. चकाकी डावीकडे धरलीत तर चेंडू आत, बॅट्समनच्या पायांकडे येईल.

का, असं विचाराल. बैलगाडीचं एक चाक चिखलात आणि एक कोरड्यात असलं तर गाडी कुठं वळते? चिखलाकडे. इथंही चेंडू खरखरीकडे ओढला जातो. एवढं ध्यानात ठेवा की चकाकीपासून लांब.

फार जोर लावू नका. चेंडू आखूड टाकू नका, बॅट्समनच्या पुढ्यात टाका, म्हणजे वळायला त्याला हवेत वेळ मिळतो. हवा दमट आणि आभाळ भरलेलं असलं तर उत्तम. धरणाकाठची सकाळ याच्यासाठीच केलेली आहे.

एका साहेबाच्या पाटलोणीच्या खिशात हा चेंडू राहून गेला होता. परत करायला गेलो तर म्हणाले, जुना आहे, ठेव तुला. आपल्याकडचा कोंडिबा गावी निघाला आहे, त्याच्याबरोबर पाठवतो. एक बाजू अजून बरी आहे, तिलाच घासा. दुसरीला चुकूनही नको. आणि रत्नाआक्काला धोतराचं आधीच सांगून ठेवा.

आपला
कुशाबा

---

माले
२६ एप्रिल १९५८

कुशाबा,

चेंडू मिळाला. तुझा निरोपही मिळाला, पण उशिरा. रत्नाला आधी सांगायचं राहून गेलं.

पहिल्या दिवशी मी ओढ्याकाठी चेंडू घासला आणि घरी आलो. आईनं माझी मांडी बघितली आणि हंबरडा फोडला. तिला वाटलं रानडुकरानं फाडलं. शेजारच्या गोजराबाई हळद घेऊन धावत आल्या. मी "चेंडूचा रंग हाय" म्हणून ओरडतोय आणि दोघी मला धरून खाली बसवतायत. शेवटी खरं कळलं तेव्हा रत्ना म्हणाली, "ह्ये लगनातलं धोतर हुतं." त्यानंतर तिनं मला घासायला एक फाटकं लुगडं दिलं आहे. तेच कमरेला बांधून मी सराव करतो. गाव हसतं. हसू दे.

चेंडू मात्र वळेना. पहिले कितीतरी दिवस शिवण अशी भिरभिरायची की बघून चक्कर यावी. मग तुझं पत्र परत काढलं, बोटं नीट लावली, मनगट सरळ ठेवलं. परवा पहाटे धुकं होतं, हवा जड होती. चेंडू सुटला आणि जाता जाता, कुणीतरी नावानं हाक मारावी तसा, एकदम डावीकडे वळला! मी जागच्या जागी नाचलो. तो गोजराबाईंच्या हंड्याला लागला. हंडा स्टंपांपासून बराच लांब होता, त्यावरून किती वळला ते तूच बघ. हंड्याला पोचा आला. त्यांची हळद परत मागितली जाण्याची लक्षणं आहेत.

खेळपट्टी यंदा धरणाच्या पात्रातच करतोय. पाणी खाली गेलं की जुनी शेतं वर येतात ना, तिथं. चोपणानं माती चोपून खळ्यासारखी पक्की केली. आईचा आग्रह होता की वर शेणाचा सडाही हवा. मी नको म्हणालो, चेंडूची चकाकी जाईल. तिला ते पटलं नाही. तिच्या मते सारवल्याशिवाय कोणतीही जागा पुरी होत नाही.

मॅच अठरा मेला. बाजीचा निरोप आला आहे, कळप घाटाखाली पोचतोय.

तुझी बहीण बाजूला उभी आहे, म्हणते लिहा: कुशाबा, तू माझ्या नवऱ्याला नादी लावलंस, पण लावलंच आहेस तर पुरतं शिकव. मी गेल्या आठवड्यात माहेरी लग्नाला गेले होते. दादा मिशीला पीळ देत होता. मी सांगून आले, औंदा आमचा चेंडू वळतोय म्हणून, आन् कुनी शिकवलं त्ये बी.

तिला मी म्हणालो, हे सांगायला नको होतं. ती म्हणाली, सांगून झालं.

भिवाजी

---

मुंबई
५ मे १९५८

गेणबादादा,

तुझ्या पायाशी नमस्कार. पत्र मिळालं. त्यात "तू कुणाच्या घरचा" असं तू तीनदा विचारलं आहेस. एकदा विचारलं असतंस तरी मला लागलं असतं.

मी ताम्हिणीचाच. आपल्या रानालाही खत हवं, हे मला कळतं. दाजींनी विचारलं तेव्हा मी भोळेपणानं सांगून बसलो. विद्येची हौस, दुसरं काही नाही. आता काय करू?

ऐक. त्या चेंडूला उतारा आहे. दाजींच्या हातातल्या चेंडूची चकचकीत बाजू कुठल्या अंगाला आहे ते बघ. चेंडू चकाकीपासून लांब वळणार. चकाकी तुझ्या पायांच्या अंगाला दिसली तर चेंडू बाहेर जाणार, तू बॅट बाहेर ने. चकाकी बाहेरच्या अंगाला दिसली तर चेंडू आत येणार, बॅट पायांजवळ धर. सगळ्या पोरांना हे पाठ करून घे. नजर चकाकीवर. बाकी काही बघू नका.

दाजी हरले तर मुंबईला येतील म्हणतात. माझ्या खोलीत एका माणसाची जागा आहे. खरं सांगू का, इथं रात्री जेवताना बोलायला कुणी नसतं. तेव्हा ते आले तर मला वाईट वाटणार नाही, असं मी स्वतःला समजावतो आहे. पण दाजींच्या आईचा, सगुणामावशींचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही.

हे पत्र वाचून चुलीत घाल. आणि माझं नाव कुठं घेऊ नकोस. तुला माझी शपथ.

कुशाबा

---

मुंबई
६ मे १९५८

दाजी,

तुमची प्रगती वाचून ऊर भरून आला. हंड्याचं वाईट वाटलं, पण गोजराबाईंना म्हणावं, मुंबईत असा चेंडू बघायला लोक तिकीट काढतात.

आता नवं शिकवण्यासारखं काही उरलं नाही. तब्येतीला जपा. उन्हात फार सराव करू नका. आईंना त्रास देऊ नका. रत्नाआक्काला सांगा, मी तिच्यासाठी कोपऱ्याकोपऱ्याला नक्षी असलेला आरसा घेऊन ठेवला आहे. तुमच्यासाठीही काहीतरी बघतो आहे. धोतरजोडी बघू का?

एकच सुचवतो. सगळेच चेंडू वळवायला पाहिजेत असं नाही. एखादा सरळही टाकावा. का ते विचारू नका. सरळ चेंडू टाकणं वाईट नसतं, इतकंच.

कुशाबा

---

माले
२३ मे १९५८

कुशाबा,

मॅच झाली. सगळं सविस्तर लिहितो, कारण तुला ते वाचायलाच पाहिजे.

सकाळी पाण्यावरून धुकं येत होतं. हवा अशी जड की बिडी पेटेना. मी मनात म्हटलं, हीच ती तुझी सकाळ. खेळपट्टीवर उभा राहिलो आणि बांधाचे दगड बघून ओळखलं, हे बाबांचंच खाचर. लहानपणी याच मातीत मी त्यांच्या मागे भाताचं आवण लावलं होतं. वर्षभर पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात थोडे दिवस वर येतं. तिथं उभं राहून मला रडू आलं. आई काठावर पदर डोक्यावर घेऊन बसली होती, तीही त्याच बांधाकडे बघत होती. तिच्या शेजारी बाजी धनगर, आणि त्याच्या मागे सगळी मेंढरं, जणू तीही आपला निकाल ऐकायला आली होती.

आम्ही आधी, ताम्हिणीच्या चेंडूवर, खेळलो आणि बेताच्याच धावा केल्या. मग ताम्हिणीची पाळी. मी कमरेचं फडकं सोडून चेंडू बाहेर काढला आणि उलटसुलट करून बघितला. चेंडू दोन्ही बाजूंनी चकाकत होता. दोन्ही! नवऱ्या मुलाच्या गालांसारखा!

मी काठाकडे धावलो. "आये, ह्याला हात कुनी लावला?"

"म्या लावला," आई म्हणाली. "काल सांच्याला बघितला. एक बाजू लख, दुसरी तशीच पारुशी. आर्धं भांडं घासून कुनी ठेवतंय व्हय? तू इसरला असशील म्हनून त्याल लावून पुरं केलं. आपल्या घरात आर्धं काम ठेवायची रीत न्हाई."

आता तिला काय सांगू? वर ती म्हणाली, "लई घान हुती रं त्या बाजूला."

मास्तर अंपायर होते, ते ओरडले, "भिवाजी, खेळायचं आहे का गप्पा मारायच्या आहेत?" आमच्याकडे दुसरा चेंडू नव्हता. मी माळाचं नाव घेतलं, मुंबईचं नाव घेतलं, बोटं शिवणीला लावली आणि चेंडू सोडला. तो कुठंही वळला नाही. गाडीवाटेसारखा सरळ गेला. मी डोळे मिटले. उघडले तर मधला स्टंप आडवा आणि बॅट्समन बॅट लांब बाहेर नेऊन उभा, कुणाला तरी वाट दाखवल्यासारखा.

मला काही कळेना. दुसरा आला. तो माझ्या हाताकडे असा बघत होता की सावकारानंही बघितलं नसतं. सरळ चेंडू. त्यानं बॅट पायांशी घट्ट चिकटवली, चेंडू बाहेरच्या अंगानं जाऊन स्टंप घेऊन गेला. तिसऱ्यानं चेंडू बघितला, माझ्याकडे बघितलं, परत चेंडू बघितला, आणि तोंडानं "हिकडं बी हाय, तिकडं बी हाय" असं म्हणत असतानाच आऊट झाला.

मग गेणबा. मिशीला पीळ, धोतराचा काचा. मी धावत आलो. त्याची नजर चेंडूवर, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. बॅट आधी बाहेर नेली, मग आत आणली, मग परत बाहेर. या सगळ्या धांदलीत चेंडू बिचारा आपल्या वाटेनं सरळ आला आणि मधून निघून गेला. गेणबानं जणू दार उघडून पाहुण्याला घरात घेतलं. आमच्या माणसांनी असा ओरडा केला की मेंढरं उधळली.

गेणबानं चेंडू उचलला, उलटा केला, सुलटा केला, आणि सगळ्या गावांदेखत ओरडला, "ह्यो दोनी बाजूनं चकाकतोय! कुशाबानं लिवलं हुतं, चकाकीवर नदर ठेवा म्हनून! आता कुटल्या चकाकीवर ठेवू?"

रत्ना उठून उभी राहिली. मग गेणबाला कळलं, आपण काय बोललो. त्यानं चेंडू खाली ठेवला, जसा कुणी गरम वाटी ठेवतो.

उरलेले गडीही तसेच चकाकी शोधत आऊट झाले. तर कुशाबा, हिशेब असा आहे. तुझ्या शिकवणीनं एकही चेंडू वळला नाही, आणि तुझ्या दगाबाजीनं आम्ही जिंकलो. तुझे आभार मानू की तुला धरणात बुडवू, हे मला ठरवता येत नाही. सरळ चेंडू टाका म्हणालास, ते तेवढं खरं होतं. पण तू माझ्या माळाचं सगळं जाणून होतास. मी ते तुलाच लिहिलं होतं, दुसऱ्या कुणाला नाही. ते मला लागलं. लागलं ते लिहितो.

मेंढरं कालपासून माळावर बसली आहेत.

भिवाजी

---

मुंबई
३१ मे १९५८

दाजी,

तुमचं पत्र वाचताना इस्त्री एका साहेबाच्या सदऱ्यावर तशीच राहिली. पाठीवर मोठा तपकिरी डाग पडला आहे. तो निघणारा नाही. मालकांनी मला जे बोलायचं ते बोलून घेतलं आणि ते मला कमीच वाटलं.

दादानं "तू कुणाच्या घरचा" विचारलं आणि मी पाघळलो. तुम्ही विचारलं असतंत तरी पाघळलो असतो. दोन्ही घरं माझीच आहेत, म्हणून दोन्हीकडे शब्द दिला आणि दोन्हीकडून तोंड लपवायची पाळी आली. दादाचंही पत्र आलं आहे. तो म्हणतो, मी त्याला खोटी विद्या शिकवली. आता त्याला कसं समजावू की विद्या खरी होती, चेंडू खोटा होता?

जिंकलात, हे वाचून मी दुकानात रडलो. मला तुमची सोबत हवी होती, पण अशी नको होती.

एवढंच विचारायचं आहे. दर भाऊबीजेला मी आक्काकडे ओवाळून घ्यायला येतो. यंदा येऊ का? नाही म्हणालात तर येणार नाही. आरसा कोंडिबाबरोबर पाठवीन.

कुशाबा

---

माले
२६ ऑक्टोबर १९५८

कुशाबा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पावसाळा गेला. मुद्दामच थांबलो होतो. पहिले दोन महिने राग होता, नंतर नाचणी बघत होतो.

माळावरची नाचणी कमरेला लागली आहे. कणसांनी मुठी वळल्या आहेत, ती जड झाली आहेत. आई रोज सकाळी जाते आणि एखादं कणीस हातात धरून उभी राहते, तोडत नाही. काल म्हणाली, "तुझ्या बानं बघाया पायजे हुतं." त्यांचं खाचर परत पाण्याखाली गेलं आहे. पण या माळावर आता आमचा जीव बसला. मी मुंबईला येत नाही. खोलीतली ती जागा तू दुसऱ्या कुणाला दे, नाहीतर स्वतःच लग्न कर.

गेणबा गेल्या बाजाराला भेटला. बराच वेळ आम्ही दोघं एकमेकांच्या चपलांकडे बघत होतो. मग त्यानं विचारलं, "पाव्हनं, त्यो चेंडू वळतो तरी का खरंच?" मी म्हटलं, वळतो, घरी या, दाखवतो. तो आला. एक बाजू मातीत घासून खरखरीत केली, आणि दिवसभर आम्ही दोघं ओढ्याकाठी चेंडू वळवत होतो. गोजराबाईंनी हंडा आत नेऊन ठेवला होता. पुढच्या वर्षी मेंढरं कुणाची, ते पुढच्या वर्षी बघू. पण चेंडू रात्री आईच्या हाती लागू द्यायचा नाही, हे दोन्ही गावांनी मिळून ठरवलं आहे.

आता भाऊबीजेचं. मी तुझं पत्र रत्नाला वाचून दाखवलं. ती ताट घासत होती. वर न बघता म्हणाली, "यिऊ दे की. पर त्यानं दोनीकडं तोंड केलं, तर मी बी त्येला एकाच बाजूनं ओवाळनार. दिवा अर्ध्यातनं माघारी. कुकू बी आर्धंच. आर्धी करंजी."

ती हसत नव्हती, कुशाबा.

आई ओट्यावर वात वळत बसली होती. तिनं ऐकलं आणि तिथूनच म्हणाली, "आगं, ताट समदं घास आधी. आन् त्या पोराला बी समदं ओवाळ. आपल्या घरात आर्धं काम ठेवायची रीत न्हाई."

तेव्हा ये. आरसा घेऊन ये.

तुझा दाजी
भिवाजी